समुद्रतळाचे धन आणि डॉ. कासिम

समुद्र म्हणजे मासळी किंवा जहाजावरची नोकरी, असा हिशेब आपल्या कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु समुद्राचे शास्त्र शिकूनही मोठ्या उद्योगाचा पाया घालता येतो, हे डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या कारकिर्दीवरून दिसते.

१९२६ साली अलाहाबादेत जन्मलेले डॉ. कासिम मूळचे प्राणिशास्त्राचे अभ्यासक. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात व पुढे वेल्समध्ये त्यांचे शिक्षण झाले. कोची येथे त्यांनी खाडीच्या पाण्यात जीवांचे अन्न कसे व किती तयार होते, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. हे केवळ पुस्तकी काम नव्हते. खाडीत वाढणारी कोळंबी याच अन्नावर जगते आणि कोळंबी म्हणजे परकीय चलन.

१९७४ मध्ये ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्यांच्याच कारकिर्दीत २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून धातूंचे गोळे वर काढले. बटाट्यासारख्या दिसणाऱ्या या गोळ्यांत मँगेनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असते. त्याच वर्षी डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली. नंतर ते महासागर विकास विभागाचे सचिव झाले.

पण खोल समुद्राच्या तळावर हक्क कोणाचा? राष्ट्रसंघाच्या १९८२ च्या ठरावानुसार, क्षेत्र मागणाऱ्याने आधी किमान ३ कोटी डॉलर या कामी खर्च केलेले असणे आवश्यक होते. भारताने ही अट पूर्ण केली आणि ऑगस्ट १९८७ मध्ये ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून सर्वांत आधी नोंद मिळवली. दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. त्यातील ७५ हजार पुढे राखले.

नफा मात्र अजून हाती आलेला नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले, तरी व्यापारी उत्खनन सुरू झालेले नाही. तळावरील जीवसृष्टीचे काय होईल, हा प्रश्नही उभा आहे. म्हणजेच भांडवलाला आजही जीवशास्त्रज्ञाची गरज आहे.

डॉ. कासिम २०१५ मध्ये निवर्तले. आपल्या तरुणांसाठी वाट खुली आहे. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. बोटीसाठी कर्ज काढणाऱ्या बापाने एका तरी मुलाला हे शास्त्र शिकवावे. तो खर्च नव्हे, गुंतवणूकच आहे.