जमिनीखालची कचराकुंडी

नगरांच्या कारभारात कचऱ्याचा प्रश्न जितका पुरातन, तितकाच उपेक्षितही आहे. कचरा घराबाहेर कसा काढावा आणि गावाबाहेर कोठे टाकावा, याविषयी राजेमहाराजांपासून नगरपालिकांपर्यंत सर्वांनी हुकूम काढले. परंतु घरातून निघालेला कचरा आणि तो उचलावयास येणारी गाडी यांच्या दरम्यान जे काही तास किंवा दिवस जातात, तेवढ्या अवधीत त्याने कोठे आणि कोणत्या अवस्थेत राहावे, याचा विचार फार उशिरा सुरू झाला. 1883 च्या नोव्हेंबरात पॅरिस ज्याच्या अखत्यारीत होते त्या सेन प्रांताचे प्रिफेक्ट यूजेन पूबेल यांनी प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत, असे फर्मान काढले. त्यातही कुजणारा कचरा, कागद व चिंध्या, आणि काच, फुटकी भांडी व कालवांचे शिंपले असे तीन भाग वेगळे ठेवण्याची तरतूद होती. घरमालकांनी खर्चापायी आणि चिंध्या वेचून पोट भरणाऱ्या गरिबांनी उपजीविकेपायी या फर्मानाविरुद्ध ओरड केली. कचरा झाकला की कोणाची तरी सोय होते आणि कोणाच्या तरी हातातला घास जातो, ही गोष्ट तेव्हापासूनच स्पष्ट आहे आणि पुढे आपल्याकडील परिस्थितीचा विचार करतानाही ती विसरून चालणार नाही.

पूबेल यांच्या डब्यानंतर सुमारे शतकभराने युरोपातील काही नगरपालिकांनी कुंडीच जमिनीखाली नेण्याचे ठरविले, आणि या कामात नेदरलँड्सने जी चिकाटी दाखविली ती अभ्यासण्यासारखी आहे. दाट वस्तीचा हा देश. अ‍ॅमस्टरडॅममधील जुनी घरे अरुंद व उंच, जिने इतके उभे की त्यांवरून भरलेली पिशवी खाली आणणेही जिकिरीचे, आणि घरामागे डबा ठेवण्यास परसू नाही. नेमलेल्या वारी पिशव्या पदपथावर मांडून ठेवावयाच्या, म्हणजे मधले सर्व दिवस त्या घरातच कुजत राहणार. आणि एकदा बाहेर ठेवल्या की गाडी येण्याआधी समुद्रपक्ष्यांनी त्या चोचींनी फाडून रस्ताभर पसरविल्याच म्हणून समजा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून डच शहरांत भूमिगत कुंड्या झपाट्याने वाढल्या त्या या अडचणीतून. आज त्या देशातील एखाद्या रस्त्यावर कमरेएवढ्या उंचीचे, पोलादी आणि तोंडाशी झडप असलेले खांब ओळीने उभे दिसतात. नवख्या माणसाला त्या टपालपेट्या वाटाव्यात, परंतु त्या प्रत्येक खांबाच्या पायाखाली तीन ते पाच घनमीटर कचरा मावेल एवढी कोठी असते.

तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. प्रथम रस्त्याच्या कडेला माणसाच्या उंचीहून बराच खोल खड्डा खणून त्यात एकसंध काँक्रीटचा, पाणी न झिरपणारा हौद उतरवितात. नेदरलँड्समध्ये भूजल जमिनीच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेले असल्यामुळे हा हौद केवळ मजबूत असून भागत नाही, तो जड असावा लागतो. कारण सात-आठ घनमीटर आकारमानाच्या रिकाम्या हौदाला भोवतालचे पाणी सात-आठ टनांच्या जोराने वर रेटते, आणि हौदाचे स्वतःचे वजन आणि भोवतालच्या मातीची पकड या जोरास पुरी पडली नाही तर तो जमिनीतून वर उचलला जातो. या हौदात जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी कोठी बसते. कोठीच्या माथ्यावर पदपथाचीच फरशी असलेला पत्रा, त्या पत्र्यावर कचरा टाकण्याचा खांब, आणि खांबाच्या शेंड्यास उचलण्यासाठी आकडा, असे हे सर्व मिळून एकच अखंड अंग असते. खांबातील तोंडाची योजना विशेष काळजीने केलेली असते. सामान्य कचऱ्याच्या कुंडीत ते फिरत्या पिंपासारखे असते. बाहेरची बाजू उघडली की आतली बंद होते, त्यामुळे पिशवी तेवढी आत पडते, पण मूल वा मांजर आत जाऊ शकत नाही आणि दुर्गंधही बाहेर येत नाही. काचेच्या कुंडीस बाटलीपुरती गोल भोके, तर कागदाच्या कुंडीस रुंद, चपटी फट असते. तोंडाचा आकारच जे टाकावयाचे ते सांगतो आणि जे टाकू नये ते अडवितो.

परंतु या योजनेची खरी परीक्षा कुंडी रिकामी करण्याच्या वेळी होते. क्रेन बसविलेली गाडी कडेला उभी राहते. चालक खाली उतरून हातातील नियंत्रकाने क्रेनचा दांडा खांबाच्या शेंड्यावर आणतो, आकडा अडकतो, आणि फरशीसकट, खांबासकट ती भरलेली कोठी हळूहळू जमिनीतून वर येऊ लागते. त्याच क्षणी तिच्या जागी माणूस सहज गडप होईल एवढा खोल खड्डा उघडा पडणार असतो. म्हणून हौदाच्या आत एक सुरक्षा-फळी ठेवलेली असते, जी कोठीच्या भाराने खाली दबलेली असते आणि कोठी वर जाऊ लागताच प्रतिभाराच्या किंवा स्प्रिंगच्या बळाने तिच्यामागोमाग वर येऊन खड्ड्याचे तोंड बंद करते. काही ठिकाणी फळीऐवजी चारी बाजूंनी कठडा उभा राहतो. मला या संपूर्ण यंत्रणेत सर्वांत आदरणीय वाटतो तो हा भाग, कारण तो रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी पोराची चिंता करणाऱ्या कोणा अभियंत्याच्या मनातून निघालेला आहे. यानंतर कोठी गाडीवर आणून तिच्या तळाची दोन दारे उघडली जातात, कचरा गाडीच्या दाबयंत्रात कोसळतो, दारे पुन्हा मिटतात, आणि कोठी आपल्या भाराने फळी खाली दाबीत मूळ जागी जाऊन बसते. काही मिनिटांत, बहुधा एकट्या माणसाच्या हातून, हे काम उरकते. आणि मुख्य म्हणजे त्या माणसाचा हात कचऱ्याला लागत नाही, पाठीवर ओझे येत नाही, फुटक्या काचेने बोट कापत नाही. आपल्याकडील सफाई कामगार कोणत्या अवस्थेत काम करतात हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल सांगावयास नको.

कुंडीचा दुसरा मोठा गुण असा की नागरिकाला वारावेळेचे बंधन राहत नाही. रात्रपाळीवरून परतलेल्या कामगारानेही वाटेल त्या घटकेला पिशवी टाकावी. पण नागरिकाच्या खांद्यावरून उतरलेले हे ओझे नाहीसे होत नाही, ते नगरपालिकेच्या दप्तरावर चढते. उघडी कुंडी भरली की ती सर्वांना दिसते आणि मुकादमाला शिव्या बसतात. जमिनीखालची कुंडी मात्र भरली आहे हे शेवटची पिशवी आत जाईनाशी होईपर्यंत कोणास कळत नाही, आणि मग ती पिशवी खांबाच्या पायथ्याशी ठेवली जाते. एका पिशवीशेजारी दुसरी येते, मग मोडकी खुर्ची येते, मग गादी येते. डच शहरांना या बाजूला ठेवलेल्या पिशव्यांनी आजही सतावून सोडले आहे. त्यावर त्यांनी नाना उपाय योजिले आहेत. कोठीत ध्वनिलहरींनी पातळी मोजणारी उपकरणे बसवून गाड्यांचे मार्ग त्यांवरून ठरविले जातात. कित्येक नगरपालिकांत रहिवाशाला ओळखपत्रासारखे कार्ड देऊन झडप त्यावरच उघडण्याची आणि दर उघडण्यामागे आकार लावण्याची पद्धत आहे, जिच्यामुळे लोक वर्गीकरण नेटाने करू लागतात, पण काही जण आकार चुकविण्यासाठी पिशवी इतरत्र फेकतात हेही खरे. रॉटरडॅमसारख्या शहरांनी आपल्या गल्लीतील कुंडी दत्तक घेण्याची मुभा रहिवाशांना दिली असून, तिच्याभोवतीची जागा स्वच्छ राखण्याचे काम हे लोक स्वखुशीने करतात. माझ्या मते सर्व यंत्रांहून हा उपाय अधिक टिकाऊ आहे.

आता जागेचा प्रश्न. कुंडी सर्वांना हवी, पण स्वतःच्या खिडकीसमोर कोणासही नको, हा मनुष्यस्वभाव तेथेही आहेच. म्हणून द हेगसारख्या शहरांत घरापासून कुंडीपर्यंतचे अंतर शक्यतो 75 मीटर आणि नाइलाज असेल तेथे 125 मीटर असावे, असे दंडक ठरविलेले आहेत. नियोजित जागा जाहीर होतात, हरकती मागविल्या जातात, आणि समाधान न झाल्यास एखादा रहिवासी आपल्या दारासमोरील कुंडीचे प्रकरण थेट देशाच्या राज्यपरिषदेच्या न्यायविभागापर्यंत नेतो. अशा खटल्यांचे निकाल वाचले तर त्यांत झाडाची मुळे, गाडी उभी करण्याची जागा, पहाटेचा आवाज, अपंग माणसाची वाट अशा बारीकसारीक बाबींचा गांभीर्याने ऊहापोह केलेला आढळतो. एका कुंडीसाठी इतका व्याप कशाला, असे कोणी म्हणेल; मला मात्र सामान्य नागरिकाच्या पदपथाला न्यायासनासमोर एवढे स्थान मिळावे, हे त्या नगरव्यवस्थेच्या प्रौढत्वाचे लक्षण वाटते.

तरीही जमिनीला स्वतःचे नियम असतात. अ‍ॅमस्टरडॅमचा जो कालव्यांचा प्राचीन भाग 2010 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, त्यात बऱ्याच ठिकाणी अशा कुंड्या बसविणे शक्यच झालेले नाही. तेथील कालव्यांच्या भिंती शतकांपूर्वी रोवलेल्या लाकडी खुंटांवर उभ्या आहेत आणि त्या जीर्ण झाल्या आहेत. 2020 च्या सप्टेंबरात ग्रिमबुर्गवाल या कालव्याचा काठ एकाएकी कोसळला, तेव्हा हा धोका सर्वांच्या डोळ्यांसमोर आला. अशा काठावर खोल खड्डा खणणे किंवा क्रेनची अवजड गाडी उभी करणे धोक्याचे आहे. म्हणून त्या भागात पिशव्या अजूनही रस्त्यावर येतात आणि कचरा नावेतून वाहून नेण्याचे प्रयोग चालू आहेत.

याच कल्पनेची दोन भावंडेही आहेत. फिनलंडमधील नोकिया गावी व्हेइक्को साल्ली यांनी 1991 पासून प्रचारात आणलेल्या मोलोक कुंडीचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीत असतो आणि कचरा मोठ्या पिशवीसकट वर उचलला जातो. जमिनीतील गारव्याने कुजणे मंदावते आणि वरच्या भाराने खालचा कचरा आपोआप दाबला जातो. स्वीडनमध्ये तर सोलेफ्तेओ येथील रुग्णालयात 1961 मध्ये नळांतून हवेच्या झोताने कचरा ओढून नेण्याची व्यवस्था सुरू झाली, जी आता अनेक देशांत पसरली आहे; पण तिचा खर्च नवी वसाहत उभारतानाच झेपतो.

आपल्याकडे सुरत महानगरपालिकेने 2017 च्या सुमारास भूमिगत कुंड्या बसविण्यास आरंभ केला. 1994 च्या प्लेगच्या हाहाकारातून स्वच्छतेचा धडा घेतलेल्या त्या शहराने हा प्रयोग करावा, हे यथायोग्यच म्हटले पाहिजे. परंतु महाराष्ट्रातील शहरांनी त्याचे अनुकरण करण्यापूर्वी दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. आपल्या कचऱ्यात भाजीपाल्याचा, उष्ट्याखरकट्याचा ओला भाग निम्म्याच्या आसपास असतो. तो वजनाने जड, लवकर सडणारा आणि पाणी सोडणारा असल्यामुळे कोठीच्या तळाशी साचणाऱ्या घाण पाण्याची, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हौदात शिरणाऱ्या पाण्याची तजवीज आधी केली नाही, तर वर चकचकीत खांब आणि खाली डासांची पैदास असा प्रकार होईल. दुसरी गोष्ट माणसांची आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने 1993 पासून कचरावेचकांची संघटना बांधली, आणि तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून घरोघरी जाऊन कचरा गोळा करीत आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरोघरचे संकलन, ओला, सुका व घातक असे वर्गीकरण आणि कचरावेचकांना व्यवस्थेत स्थान, या तिन्ही गोष्टी मान्य केल्या. बंदिस्त कोठीत सर्व कचरा एकत्र कोंबला तर वेचण्याजोगी वस्तूही जाईल आणि ती वेचणारीची रोजीही जाईल. म्हणून घंटागाडी आणि कचरावेचक पोचतात तेथे त्यांना हटवून ही कुंडी बसवू नये. बाजारपेठा, बसस्थानके, चौपाट्या, जत्रेची ठिकाणे अशा घर नसलेल्या, पण दिवसभर कचरा निर्माण करणाऱ्या जागी ती बसवावी, आणि तेथेही सुक्या कचऱ्याची कोठी वेगळी ठेवून तिचे काम कचरावेचकांच्या संस्थेकडे सोपवावे.

आणि खणण्याचे काय? नेदरलँड्समध्ये यंत्राने जमीन खणण्यापूर्वी काडास्टर या भूमापन खात्याला वर्दी देणे कायद्याने आवश्यक आहे. त्या वर्दीवर वीज, वायू, पाणी, दूरध्वनी या सर्वांच्या मालकांना आपापल्या तारा व नळ यांचे नकाशे द्यावे लागतात, आणि तरीही संशय उरल्यास हाताने चर खणून पाहतात. आपल्या देशात 2023 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप याच हेतूने सुरू केले. ते उपयुक्त ठरावयाचे तर त्यामागे प्रत्येक नगरपालिकेचा, प्रत्येक खात्याचा खरा आणि अद्ययावत नकाशा असला पाहिजे. आपल्या प्रभागात अशा कुंडीचा प्रस्ताव आला, तर वाचकांनी नगरसेवकाला आणि आरोग्याधिकाऱ्याला तीन कागद मागावेत: रस्त्याखालील नळांचा नकाशा, कुंडी उचलणाऱ्या क्रेनगाडीचे वेळापत्रक आणि ती गाडी बंद पडेल त्या दिवशीच्या पर्यायी गाडीचा हुकूम. हे तिन्ही दाखविता येत नाहीत तोवर खड्डा खणू देऊ नये.