क्रिप्टोकोरिन पार्वा : एका मंदगती जलवनस्पतीची जोपासना

घरगुती मत्स्यालयाच्या दर्शनी भागात हिरवळीसारखा बुटका थर असावा, या हेतूने ज्या वनस्पती लावितात त्यांत क्रिप्टोकोरिन पार्वा हिला विशेष स्थान आहे. अळू व सुरण यांच्याच कुलातील ही वनस्पती मूळची श्रीलंकेतील असून १९७० मध्ये डच वनस्पतिशास्त्रज्ञ हेंड्रिक द विट यांनी तिला हे नाव दिले. तथापि अनेकांची तिच्याविषयी एकच तक्रार असते : ती वाढत नाही. ही तक्रार कितपत रास्त आहे, हे पाहावयाचे असल्यास प्रथम तिच्या नावाकडे वळणे उपयुक्त ठरेल.

ग्रीक भाषेत ‘क्रिप्टोस’ म्हणजे गुप्त व ‘कोरिने’ म्हणजे सोटा. या प्रजातीचे सोट्यासारखे स्थूलकणिश महाछदाच्या तळाशी असलेल्या पोकळीत लपलेले असते. त्यावरून प्रजातिनाम रूढ झाले. ‘पार्वा’ हे ‘लहान’ या अर्थाचे लॅटिन विशेषण होय. प्रजातिनाम स्त्रीलिंगी असल्यामुळे तेही स्त्रीलिंगी योजिले आहे. ही या प्रजातीतील सर्वांत लहान जाती मानली जाते. मत्स्यालयात तिची उंची सामान्यतः ५ ते १० सेंटिमीटर असते.

तिच्या मंदगतीचे कारण या लहानपणातच आहे. पाण्याबाहेर वाढलेल्या रोपाचे पाते बऱ्यापैकी रुंद असते. परंतु पाण्याखाली येणाऱ्या पानाचे पाते देठाहून फारसे रुंद नसते. अन्ननिर्मितीस उपलब्ध होणारे क्षेत्र अशा रीतीने अत्यल्प राहते. म्हणूनच या प्रजातीतील इतर अनेक जाती मंद प्रकाशात तग धरितात, तर हिला तुलनेने अधिक प्रकाश लागतो. उंच वनस्पतींच्या सावलीत ती खुरटते.

लागवडीचे नियम यावरूनच निष्पन्न होतात. बारीक वाळूत रोपे २ ते ३ सेंटिमीटर अंतराने, मूळ खोड फार खोल न पुरता लावावीत. आरंभीच रोपांची संख्या पुरेशी ठेवावी, कारण विस्ताराचा वेग अल्प असतो. दाट थरासाठी निदान वर्षभराचा अवधी गृहीत धरावा. पोषण मुख्यतः मुळांवाटे होत असल्याने खताच्या गोळ्या वाळूत मुळांजवळ पुराव्यात. वाढ होत नाही म्हणून पाण्यात खत ओतीत राहिल्यास, अथवा दिवे दिवसभर तेवत ठेविल्यास, लाभ होतो तो शेवाळाचा. ते मंदगती पानांवर बसून त्यांचा प्रकाश अडविते. दररोज ८ ते १० तासांचा प्रकाश पुरे होतो.

रोपवाटिकेत ही रोपे बहुधा पाण्याबाहेर वाढवितात. ती बुडविल्यानंतर काही दिवसांत जुनी पाने गळून वा विरघळून जाऊ शकतात. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो व रोप मेले असे समजून ते उपटले जाते. वस्तुतः खोड व मुळे टणक असतील तर रोप जिवंत असते आणि पाण्यास अनुरूप अशी अरुंद पाने त्यास पुढे फुटतात. कुजलेली पाने तेवढी काढावीत. रोप हलवू नये. वारंवार जागा बदलल्यास मुळे तुटतात आणि महिन्यांची वाढ वाया जाते.

सारांश, या वनस्पतीची मंदगती हा रोग नसून तिच्या रचनेचा परिणाम आहे. रोगावर उपचार करावयाचा असतो, रचनेशी जुळवून घ्यावयाचे असते. हा भेद ज्यास उमगला नाही, त्याच्या हातून ती बहुधा उपेक्षेने न मरता उपचारांनीच मरते.