सदऱ्याआडची ३३ वर्षे

पुरुषाची छाती म्हटली की मराठी वाचकाला पोवाडा आठवतो. माझ्या छातीची हकीकत पोवाड्यात बसणारी नाही. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. आता सांगतो, कारण ती वाचून एखादा गृहस्थ निदान डॉक्टरकडे तरी जाईल.

आम्ही कोल्हापूरचे. घराघरांतली पोरे तालमीत जातात आणि उन्हाळ्यात रंकाळ्यात डुंबतात. मी १३ वर्षांचा असताना, १९९० साली, माझी छाती वाढू लागली. वर्गातल्या पोरांनी लगेच बारसे केले – ‘काकू’! तालीम सुटली, पोहणे सुटले. भर वैशाखात मी सदऱ्याखाली जाड बनियन घालू लागलो. दिवाळीच्या पहाटे उटणे लावायला आई हाक मारी, तेव्हाही, “माझं मी लावतो,” म्हणून न्हाणीघराला आतून कडी घाली.

या व्याधीला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. नाव ग्रीक आणि दुखणेही जुनेच. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या वैद्याने तिच्यावरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. वयात येणाऱ्या पुष्कळ मुलांना थोडाफार हा त्रास होतो आणि बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. माझा ओसरला नाही. चोरून जोर काढले, भात सोडला. पण चरबी उतरते, ग्रंथी उतरत नाही. आणि जोराने वाढतो तो तिच्या खालचा स्नायू. चौरंग उंच केल्याने गणपती लहान दिसत नाही!

लग्न झाले, मुलगा झाला. शेवटी त्या मुलानेच एकदा विचारले, “बाबा, तुम्ही माझ्याबरोबर पोहायला का येत नाही?” मी काहीतरी थाप मारली. त्या रात्री सौ. म्हणाली, “अहो, त्याला थाप मारलीत, ठीक आहे. स्वतःला किती दिवस मारणार?”

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. हार्मोन्स, यकृत, थायरॉईड – सगळे पाहिले. कोणती औषधे घेता, तालमीतली इंजेक्शने घेतली होती काय, दारू किती, हेही विचारले. कारण यांतूनही हे दुखणे उद्भवते. एकाच बाजूला टणक गाठ असेल किंवा स्राव येत असेल तर मुळीच थांबू नये, असेही त्यांनी बजावले. स्तनाचा कर्करोग पुरुषांना क्वचित होतो, पण होतो.

२०२३ चा अधिक श्रावण सरला आणि निज श्रावणात, २२ ऑगस्टला, शस्त्रक्रिया झाली. संपूर्ण भूल देऊन नळीने चरबी ओढून घेतली आणि स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला अर्धचंद्राकृती छेद घेऊन ग्रंथी काढली. ती तपासणीला गेली, निर्वेध निघाली. आईला मात्र एवढेच सांगितले होते की एक गाठ काढायची आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे दोन तास झोप. खरे काम पुढे! दोन्ही कुशींना रक्तपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, त्या तिसऱ्या दिवशी निघाल्या. अंगात रात्रंदिवस एक घट्ट जाकीट, सहा आठवडे. झोपायचे उताणे, उशा उंच करून. हात खांद्यावर न्यायचा नाही, म्हणून भांग सौ.ने पाडायचा. छाती आधी जांभळी, मग हिरवी, मग पिवळी झाली. सूज इतकी की चौथ्या दिवशी आरशात पाहून मी रडकुंडीला आलो. पैसे गेले आणि काकू घरीच राहिल्या, असे वाटले. सूज पुरती उतरायला कित्येक महिने लागतात हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण रडणाऱ्याला कुठे आठवते?

त्यात बाराव्या दिवशी मी शहाणपणा केला. गॅसचा सिलिंडर दारात आला, घरात कुणी नव्हते, सवयीने उचलला. दुसऱ्या दिवशी डावी बाजू फुगली. आत पाणी साचले होते. डॉक्टरांनी सुईने काढले, आणि माझी कानउघाडणी केली ती वेगळीच. गणपती १९ सप्टेंबरला आले. दरवर्षी मूर्ती मी आणतो. यंदा मुलाने आणली आणि मी मागून रिकाम्या हाताने चाललो. पूजेला सोवळे नेसलो, वर उपरणे, उपरण्याखाली जाकीट! भटजींनी एकदा पाहिले आणि काही न बोलता मंत्र चालू केले.

ऑक्टोबरात जाकीट सुटले. पहिला पातळ सदरा घातला तेव्हा वारा छातीला लागतो हे कळले. म्हणजे कडेकडेने कळले, मध्यभागी बधिरपणाच होता. तो हळूहळू कमी होतो, काहींचा थोडा राहतोही.

१२ नोव्हेंबरला नरकचतुर्दशी होती. पहाटे आईने हाक मारली. ती आता ७८ वर्षांची, सवयीने वाटी बाहेर ठेवून परत फिरली. मी म्हटले, “आई, तूच लाव.” आणि बनियन काढून पाटावर बसलो.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग व्रणावरून बोट फिरवत म्हणाली,

“इथंच होती होय रे गाठ?”

“हो.”

“केव्हापासनं?”

“आठवीपासून.”

“आणि मला वाटायचं, पोरगा मोठा झाला, आईला लाजतो.” तिने तेलाचा हात व्रण चुकवून फिरवला. “दुखतं काय?”

“नाही. तिथं अजून नीट कळतच नाही.”

तिने पदराने डोळे पुसले आणि उटण्याची वाटी पुढे ओढली.

“पाठ कर इकडं. पाणी निवायला लागलंय.”