कारंजाचा बाजार : जागा तीच, अर्थ निराळे

वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील कापूस बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद होते. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्यांना बिनभेसळीचा माल वाजवी दरात हवा होता. १८९७ च्या कायद्याने हीच व्यवस्था वऱ्हाडात इतरत्र नेण्याची वाट मोकळी झाली. नियमनाचा पहिला अर्थ होता खरेदीदाराची सोय. पुढे कारंजावरून गेलेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही छोटी रेल्वे, लोकांची ‘शकुंतला’, हीदेखील कापसाच्या वाहतुकीसाठीच होती.

१९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, ती मात्र शेतकऱ्याची नागवणूक थांबावी म्हणून. अडत, हमाली, तोलाई यांचे दर ठरवून देणे आणि रुमालाखाली बोटे दाबून होणाऱ्या सौद्याच्या जागी उघड हर्रास आणणे, ही या सुधारणेची अंगे होती. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने बाजार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसवले.

१९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि कापसापुरती बोली संपली. प्रतवारी व्हायची, सरकारी भाव लागायचा आणि शेतकरी चुकाऱ्याची वाट पाहायचा. भाव पडले की ही योजना आधार वाटे. परराज्यात ते चढले की तीच अडसर ठरे आणि कापूस चोरून सीमेपार जाई. सुमारे तीन दशकांनी तिचा अंमल सरला.

तोवर जिल्ह्यात सोयाबीनने जम बसवला होता. कापसाच्या वेचण्या महिनोन्‌महिने चालतात; सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते आणि दिवाळीच्या तोंडावर पैसा हाती देते. बाजारातील पारखही बदलली. कापसाचा धागा चिमटीत ओढून पाहत. सोयाबीनचे दाणे ओलावा मोजणाऱ्या यंत्रात जातात आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव घसरतो.

खासगी बाजार आणि थेट खरेदी यांमुळे माल बाजार समितीच्या आवारात आणलाच पाहिजे, असे राहिलेले नाही. तरी बाहेरच्या सौद्यात शेतकरी आधी विचारतो तो समितीतला त्या दिवसाचा भाव. गिरण्यांना माल मिळवून देणाऱ्या व्यवस्थेकडे आता मालाची किंमत पडताळण्याचे काम आले आहे.