सहा फुटांची शय्या : हायकूकार मासाओका शिकी

कोकिळेच्या कुळातील एका पक्ष्याला जपानी लोक ‘होतोतोगिसु’ म्हणतात. कंठातून रक्त येईपर्यंत हा पक्षी गात राहतो, अशी तिकडे जुनी समजूत आहे. १८८९ साली तोक्योत शिकणाऱ्या एका २१ वर्षांच्या तरुणाच्या तोंडातून रक्त पडले. रोग क्षयाचा होता. त्या पक्ष्याचे नाव ज्या चिनी अक्षरांनी लिहितात, त्यांचा दुसरा उच्चार ‘शिकी’ असा आहे; तेच नाव या तरुणाने लेखनासाठी धारण केले. मासाओका शिकीची विनोदबुद्धी अशी होती, आणि पुढील १३ वर्षे तिची कसोटी लागावयाची होती.

शिकीचा जन्म १८६७ साली शिकोकू बेटावरील मात्सुयामा येथे, एका सामान्य सामुराई घराण्यात झाला. पिता लवकरच निवर्तला. पुढे विश्वविद्यालयातील शिक्षण अर्धवट टाकून तो ‘निप्पोन’ या वृत्तपत्रात शिरला, आणि त्यातूनच त्याने आपल्या सुधारणेचा झेंडा उभारला.

सुधारणेची गरज होतीच. पाच, सात आणि पाच अशा सतरा मात्रांची ही रचना पूर्वी अनेकांनी मिळून गुंफलेल्या काव्यमालिकेचे पहिले पद म्हणून ओळखली जाई, व तिला ‘होक्कू’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात तिचे गुरू, शिष्य आणि ठराविक कल्पना यांचा नुसता बाजार झाला होता. सतराव्या शतकातील थोर कवी बाशो याची तर मंदिरे उभारून पूजा चाले. बाशोच्या निधनाला दोनशे वर्षे होत असतानाच, १८९३ साली, शिकीने लिहिले की, बाशोच्या बहुतेक कविता सामान्य आहेत, मोजक्याच उत्तम. भाविकांना हा पाखंडीपणा वाटला. परंतु शिकीचा रोख बाशोवर नसून त्याच्या पुजाऱ्यांवर होता. चित्रकार म्हणूनच अधिक ओळखल्या जाणाऱ्या बुसोनची कविता त्याने लोकांपुढे पुन्हा आणली. हे पद मालिकेपासून तोडून स्वतंत्र काव्य म्हणून त्यानेच प्रतिष्ठित केले. शिरीष पै यांच्या लेखनाने मराठी वाचकांच्या परिचयाचा झालेला ‘हायकू’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो शिकीमुळेच.

त्याचे तत्त्व एका शब्दात सांगावयाचे तर ‘शासेइ’. हा मूळचा चित्रकारांचा शब्द. पाश्चात्य पद्धतीने चित्रे काढणाऱ्या नाकामुरा फुसेत्सु याच्या सहवासात शिकीला त्याचे मर्म कळले. वस्तू समोर ठेवावी, ती जशी दिसते तशी रेखाटावी, आणि आपले उसासे तिच्यावर लादू नयेत. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु हिंडून-फिरून सृष्टी पाहण्याचा उपदेश करणाऱ्याचे पायच गेले, तर?

तेच घडले. १८९५ साली चीनशी चाललेल्या युद्धाचा बातमीदार होण्याच्या हट्टाने तो निघाला. तो पोचला तेव्हा युद्ध संपत आले होते. परतताना जहाजावरच पुन्हा रक्त पडू लागले. पुढे क्षय कण्यात उतरला, आणि तोक्योतील नेगिशी भागातल्या लहानशा घरात शिकी कायमचा अंथरुणास खिळला. ज्या ‘होतोतोगिसु’ मासिकाने त्याचा पंथ देशभर नेला, ते १८९७ साली मात्सुयामात निघाले आणि पुढल्या वर्षी त्याचा शिष्य ताकाहामा क्योशी याच्याकडे आले. १८९९ च्या डिसेंबरात रुग्णाच्या खोलीला काचेची तावदाने बसली. कागदी दारांपलीकडली बाग थंडीतही दिसू लागली, याचा त्याला झालेला आनंद मोठा होता. त्या बागेत होते तरी काय? कोंबड्याची फुले, आणि घोसाळ्याचा वेल. कोंबड्याच्या फुलांची अदमासे संख्या सांगण्यापलीकडे काहीही न करणारी त्याची १९०० सालची एक कविता आहे. क्योशीने ती निवडक संग्रहात घेतली नाही. कवी सैतो मोकिची याने ती डोक्यावर घेतली. वाद अजून मिटलेला नाही. मात्र उठून फुले मोजणे ज्याला अशक्य होते, त्याची ही मोजदाद आहे, एवढे ध्यानी घेतले म्हणजे ती कविता कोरडी वाटत नाही.

शिकीला साधुपुरुष ठरविण्याचे कारण नाही. तो खादाड होता, चिडका होता. कण्याजवळच्या वाहत्या जखमा रोज धुणारी बहीण रित्सु हिच्यावर त्याने खासगी रोजनिशीत कठोर शब्दांत राग काढला आहे, आणि तिच्यावाचून आपण क्षणभरही जगू शकणार नाही, हेही तेथेच कबूल केले आहे. १९०१ च्या ऑक्टोबरात घरी कोणी नसताना आत्महत्येचा विचार मनात आला, तेव्हा जवळचा चाकू व टोचा यांचे त्याने वहीत चित्र काढले. तेथेही वस्तू समोर होती!

‘सहा फुटांची शय्या’ अशा अर्थाच्या मथळ्याची त्याची लेखमाला १९०२ साली ‘निप्पोन’मध्ये मृत्यूच्या दोन दिवस आधीपर्यंत येत होती. तीत औषधे, चित्रे, खाद्यपदार्थ, शेजारपाजार, सर्वच आहे. निर्भयपणे मरणे म्हणजे ज्ञान अशी आपली समजूत होती, पण कोणत्याही स्थितीत शांतपणे जगणे हेच ते ज्ञान, असा विचार त्याने तीत मांडला आहे.

घोसाळ्याच्या वेलाचा रस कफावर औषध मानीत. १८ सप्टेंबर १९०२ रोजी फळीवर लावलेला कागद समोर धरविून त्याने थरथरत्या हाताने तीन हायकू लिहिले; तिन्हींत तेच घोसाळे आहे. त्याच रात्री, १९ तारीख लागल्यावर, ३५ वर्षे पुरी होण्यापूर्वीच तो गेला. रित्सु पुढे शाळेत जाऊन शिकली, शिक्षिका झाली, आणि ते घर तिने जपले. १९४५ च्या हवाई हल्ल्यात ते जळाले. नंतर त्याच जागी पुन्हा बांधण्यात आले. त्याच्या स्मृतिदिनाला जपानी लोक आजही घोसाळ्याचेच नाव देतात.