डिजिटल डीजे: यंत्राचे काम आणि कानाचे काम

संगणकावरील सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेला कंट्रोलर यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित गाणी एकमेकांत मिसळून सलग सादर करण्याची कला आज महाराष्ट्राच्या शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावांतही रुजली असून, लग्नसमारंभ, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि हॉटेलांतील कार्यक्रम यांमुळे ती अनेक तरुणांच्या उपजीविकेचे साधन झाली आहे. साधने हाती आली, पण त्यांच्याविषयीची नेमकी माहिती तितक्या सहजपणे पोहोचली नाही. त्यामुळे सर्व काही यंत्रच करते, शिकण्यासारखे काही उरलेले नाही, असा एक समज आणि लाखो रुपयांच्या यंत्रांवाचून आरंभच होऊ शकत नाही, असा दुसरा समज, हे दोन्ही एकाच वेळी प्रचलित आहेत. पहिला समज नवशिक्याला निष्काळजी बनवतो आणि दुसरा त्याला दारातूनच परत पाठवतो. म्हणून अशा सात समजुती येथे वस्तुस्थितीशी ताडून पाहिल्या आहेत.

गैरसमज १: डीजे म्हणजे मोठ्या आवाजाची यंत्रणा

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात मिरवणुकीतील ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीलाच डीजे समजले जात असले, तरी डीजे हा सादरकर्ता कलावंत असतो आणि ध्वनियंत्रणा ही त्याचे सादरीकरण श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारी वेगळी व्यवस्था असते. या कलेची घडण मुख्यतः न्यूयॉर्क शहरात झाली. तेथील सँक्च्युअरी या क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो याने १९७० च्या सुमारास दोन गाण्यांचे ठेके जुळवून, नाचणाऱ्यांची लय न मोडता एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाण्याची पद्धत विकसित केली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने बहिणीने योजलेल्या मेजवानीत संगीत वाजवले, आणि हिपहॉपचा जन्म याच कार्यक्रमापासून मानला जातो. गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजू लागतात तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, नर्तकांना विशेष आवडतो हे हर्कने हेरले होते; म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा आळीपाळीने लांबवण्याची रीत त्याने रूढ केली. ग्रँडमास्टर फ्लॅश याने रेकॉर्डवर रंगीत खडूने खूण करून हवी ती जागा क्षणात गाठण्याचे तंत्र बसवले, तर रेकॉर्ड हाताने मागेपुढे ओढून सुईखालून नवा ध्वनी काढण्याच्या ‘स्क्रॅच’ या तंत्राचे श्रेय ग्रँड विझर्ड थिओडोर याला दिले जाते. यांपैकी प्रत्येकाचे योगदान ऐकण्याच्या आणि निवडण्याच्या क्षमतेतून आलेले आहे.

गैरसमज २: रेकॉर्डवर शिकला तोच खरा डीजे, डिजिटल साधने म्हणजे नक्कल

वस्तुस्थिती: डीजेची साधने पहिल्यापासून बदलत आली आहेत. पट्ट्याऐवजी थेट मोटरने फिरणारे टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये बाजारात आले ते घरगुती श्रवणासाठी. पुढे १९७९ च्या एमके-२ या आवृत्तीत वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी बसवली गेली आणि ते जगभरच्या क्लबांचे प्रमाण साधन ठरले. २००१ मध्ये पायोनियरच्या सीडीजे-१००० ने सीडीवरील संगीत तबकडीसारखे हाताने फिरवण्याची सोय दिली. २००४ मध्ये आलेल्या सेराटो स्क्रॅच लाइव्ह या प्रणालीत टर्नटेबलावर गाण्याची नव्हे, तर सांकेतिक ध्वनी मुद्रित केलेली रेकॉर्ड ठेवली जाते. सुईने वाचलेल्या त्या ध्वनीवरून तबकडीची गती, दिशा आणि स्थान सॉफ्टवेअरला कळते आणि संगणकातील गाणे त्याबरहुकूम वाजते. जुन्या हस्तकौशल्याला नवे साधन जोडण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘हॉट क्यू’, म्हणजे बटण दाबताच गाणे ठरलेल्या जागेपासून सुरू करणारी खूण, हे फ्लॅशच्या खडूच्या खुणेचेच पुढचे रूप आहे. आणि निवडलेला तुकडा पुन्हापुन्हा वाजवणारा ‘लूप’ हर्कच्या दोन रेकॉर्डचे काम एका बटणावर करतो. त्यामुळे डिजिटल साधनांवर शिकणारा विद्यार्थी परंपरेबाहेरचा ठरत नाही. त्याने परंपरेतील तंत्रांमागचे कारण समजून घेतले आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न उरतो.

गैरसमज ३: ‘सिंक’ बटण दाबले की मिश्रण आपोआप होते

वस्तुस्थिती: ‘सिंक’ हे बटण दोन गाण्यांची लय आणि ठेक्यांची जागा जुळवते. लय बीपीएममध्ये, म्हणजे एका मिनिटातील ठोक्यांच्या संख्येत मोजली जाते; १२० बीपीएमच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. एक गाणे १२० वर आणि दुसरे १२०.५ वर असेल, तर हा किरकोळ वाटणारा फरक ३२ ठोक्यांत, म्हणजे केवळ १६ सेकंदांत, दोन्ही गाण्यांच्या ठोक्यांमध्ये सुमारे ६७ मिलिसेकंदांचे अंतर पाडतो आणि दोन ढोल पुढेमागे वाजत असल्याचा भास होतो. हे अंतर टाळण्याचे काम सिंक उत्तम करते आणि ते वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

परंतु ठोके जुळले म्हणजे गाणी जुळली असे होत नाही. पाश्चात्त्य नृत्यसंगीताची बांधणी चार ठोक्यांच्या ‘बार’मध्ये आणि बहुधा आठ किंवा सोळा बारांच्या ‘फ्रेज’मध्ये केलेली असते, फ्रेज संपते तेथे नवे वाद्य येते, गायन सुरू होते किंवा ठेका थांबतो. तबल्याच्या साथीत जसे आवर्तन पूर्ण होऊन समेवर येण्याला महत्त्व असते, तसेच येथे येणाऱ्या गाण्याची फ्रेज जाणाऱ्या गाण्याच्या फ्रेजेबरोबर सुरू होण्याला असते. आधीच्या गाण्यातील ओळ अर्धीच असताना दुसऱ्या गाण्यातील गायन सुरू झाले, तर लय अचूक असूनही श्रोत्याचा रसभंग होतो. कोणते गाणे आणायचे, ते कोठून सुरू करायचे, खालच्या पट्टीतील ढोलाचा व बेसचा आवाज कोणत्या क्षणी एका गाण्यातून काढून दुसऱ्याला द्यायचा आणि समोरची माणसे थकली आहेत की अधिक वेग मागत आहेत, हे निर्णय सिंक घेत नाही. म्हणून आरंभीचे काही आठवडे तरी सिंक बंद ठेवून, केवळ कानाने ठेके जुळवण्याचा सराव करावा. ज्याला ते जमते त्याला यंत्र चुकल्याचे तत्काळ कळते.

गैरसमज ४: पडद्यावरील आकडे बिनचूक असतात

वस्तुस्थिती: सॉफ्टवेअर गाण्याचे पृथक्करण करून त्यावर ‘बीटग्रिड’, म्हणजे ठोक्यांच्या जागा दाखवणाऱ्या समान अंतरावरील रेषांचे जाळे आखते. संगणकावर रचलेल्या संगीतात लय स्थिर असल्याने हे जाळे सहसा बरोबर बसते. पण वादकांच्या ताफ्यासह मुद्रित झालेल्या जुन्या मराठी-हिंदी चित्रपटगीतांत लय गाण्याच्या भावानुसार किंचित वाढते किंवा उतरते, आणि आरंभी बरोबर बसलेले जाळे दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ठेक्यापासून सुटते. १७४ बीपीएमचे गाणे ८७ चे असल्याचे दाखवणे, ही चूकही नेहमीची आहे. आठ मात्रांचा केरवा चार ठोक्यांच्या चौकटीत सुखाने बसतो, तर सहा मात्रांच्या दादऱ्याला चौकट चारची धरली की समेची जागाच चुकते. अशा गाण्यांचे जाळे सादरीकरणापूर्वी हाताने दुरुस्त करावे लागते, किंवा त्यांच्यासाठी सिंक बाजूला ठेवावे लागते.

सुरांच्या बाबतीतही हेच घडते. टर्नटेबलावर वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढवला तर सूर षड्जावरून कोमल ऋषभावर जावा तेवढा चढतो. सॉफ्टवेअरमधील ‘की-लॉक’ वेग बदलूनही सूर स्थिर ठेवते, मात्र वेगात फार मोठा बदल केल्यास आवाजाचा पोत बिघडतो. कोणती गाणी सुरांत जुळतील हे सांगण्यासाठी कॅमलॉट चक्र नावाची मांडणी वापरली जाते, ज्यात पाश्चात्त्य संगीतातील २४ स्वरपट्ट्यांना १ ते १२ हे आकडे आणि मायनरसाठी ‘ए’, मेजरसाठी ‘बी’ ही अक्षरे दिलेली असतात. शेजारच्या आकड्यांच्या पट्ट्यांत सातांपैकी सहा स्वर समान असल्याने त्यांतील गाणी सहसा एकमेकांत मिसळतात. ही मांडणी उपयुक्त असली तरी ती मेजर व मायनर या दोनच प्रकारांवर उभी आहे. कोमल ऋषभ आणि कोमल धैवताबरोबर शुद्ध गांधार व शुद्ध निषाद घेणाऱ्या भैरव रागावर आधारित गाणे या दोहोंपैकी कशातच बसत नाही, तरीही सॉफ्टवेअर त्याला २४ पैकी एक खूण देऊनच टाकते. भारतीय संगीत वाजवणाऱ्या डीजेला म्हणूनच स्वरज्ञानाचा लाभ इतरांहून अधिक होतो, आणि ज्याच्या घरी पेटी आहे त्याने गाण्याचा षड्ज शोधण्याची सवय लावून घ्यावी.

गैरसमज ५: महागड्या यंत्रांशिवाय शिकता येत नाही

वस्तुस्थिती: ‘मिक्स्स’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. पुढची पायरी म्हणजे दोन चॅनेलचा लहान कंट्रोलर. त्यावर गाणे हाताने मागेपुढे करण्याच्या दोन तबकड्या, आवाजाच्या सरकपट्ट्या आणि दोन गाण्यांमध्ये आवाज वाटून देणारा क्रॉसफेडर असतो. कंट्रोलर घेताना दिव्यांची संख्या पाहण्यापेक्षा त्यात साउंड कार्ड आहे का हे पाहावे, कारण श्रोत्यांना एक गाणे ऐकू येत असताना पुढचे गाणे केवळ हेडफोनमध्ये ऐकणे, म्हणजे ‘क्यू’ करणे, हा या कलेचा पाया आहे आणि त्यासाठी ध्वनीचे दोन स्वतंत्र मार्ग लागतात. बटण दाबणे आणि आवाज येणे यांतील विलंब, ज्याला ‘लेटन्सी’ म्हणतात, सॉफ्टवेअरमधील ‘बफर’वर अवलंबून असतो: ४४,१०० हर्ट्झला १०२४ नमुन्यांच्या बफरमुळे सुमारे २३ मिलिसेकंद, तर १२८ नमुन्यांमुळे सुमारे ३ मिलिसेकंद विलंब होतो, मात्र बफर फार लहान केल्यास कमी क्षमतेचा संगणक मागे पडून आवाज तुटू लागतो. बंद धाटणीचा चांगला हेडफोन आणि दर्जेदार ध्वनिफायली यांवर केलेला खर्च चौथ्या चॅनेलवर केलेल्या खर्चापेक्षा अधिक कामी येतो.

गैरसमज ६: आवाज जितका मोठा, तितका कार्यक्रम रंगतो

वस्तुस्थिती: मिक्सरवरील लाल दिवा आवाज मोठा झाल्याचे नव्हे, तर यंत्राची मर्यादा संपल्याचे सांगतो; त्यापुढे ध्वनिलहरींची टोके कापली जातात, आवाज कर्कश होतो आणि स्पीकरचे नाजूक ट्वीटर जळू शकतात. कानाचे नुकसान तर भरून न येणारे असते. ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत सहन करण्याजोगा मानला, तर दर ३ डेसिबल वाढीमागे हा अवधी निम्मा होतो आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटांचा उरतो. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत देऊ शकते. हे नियम पाळणे हे डीजेच्या शिक्षणाचेच अंग आहे, कारण तान्ह्या मुलाच्या आणि हृदयरोग्याच्या खिडकीखाली काय वाजते याची जबाबदारी आवाजाची सरकपट्टी ज्याच्या हाती आहे त्याच्यावरही येते.

गैरसमज ७: पैसे देऊन घेतलेले गाणे कोठेही वाजवता येते

वस्तुस्थिती: गाण्याची फाइल किंवा स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी सर्वसाधारणपणे वैयक्तिक श्रवणाचा अधिकार देते. सार्वजनिक सादरीकरणासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार वेगळा परवाना लागतो. त्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क हे दोन स्वतंत्र हक्क असतात, आणि भारतात पीपीएल व आयपीआरएस या संस्था त्यांच्याकडे नोंदलेल्या संगीतासाठी असे परवाने देतात. धार्मिक समारंभ, लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. ती हॉटेलातील तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला लागू होत नाही. परवाना सहसा आयोजक काढतो, तरी तो काढला आहे याची खात्री डीजेने करून घ्यावी, कारण ज्या गीतकार-संगीतकारांच्या निर्मितीवर त्याची कला उभी आहे त्यांचा मोबदला त्यातूनच जातो.

या सातही बाबींतून निघणारा निष्कर्ष एकच आहे: सॉफ्टवेअरने डीजेच्या हातांचे कष्ट कमी केले, पण ऐकण्याचे, निवडण्याचे आणि जबाबदारीने थांबण्याचे काम माणसाकडेच ठेवले. नवशिक्यांनी हजारो गाणी साठवण्याऐवजी प्रथम पन्नास गाणी निवडावीत, त्यांच्या फ्रेज, गायनाच्या जागा आणि सूर पाठ करावेत, त्यांचे मिश्रण ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी तपासावे आणि त्यानंतरच नव्या यंत्राचा विचार करावा. पालकांनी आणि महाविद्यालयांनीही या शिक्षणाकडे गोंगाटाचा छंद म्हणून न पाहता संगीताचे एक शिस्तबद्ध अंग म्हणून पाहावे, कारण गल्लीतील आवाज मर्यादेत राहावा असे ज्यांना वाटते त्यांना कान तयार असलेल्या डीजेइतका चांगला सहकारी दुसरा मिळणार नाही.