भूछत्राला देठ कुठून येतो?



४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनची राजधानी बैरुत येथील बंदरात प्रचंड स्फोट झाला. त्या वेळी उठलेला भूछत्रासारखा ढग पाहून अनेकांना तो अणुबॉम्बच वाटला. प्रत्यक्षात गोदामात साठवलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा तो स्फोट होता. मग आकार तोच कसा?

याचे उत्तर अणूत नसून हवेत आहे. प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या पेल्यात पाणी घेतले, ते स्थिर होऊ दिले आणि पृष्ठभागालगत शाईचा एक थेंब अलगद सोडला. थेंब खाली जाताना त्याच्या कडा मागे वळल्या, मेदूवड्यासारखे कडे तयार झाले आणि मागे बारीक शेपटी राहिली. हे चित्र उलटे करा, की झाले भूछत्र! (चित्रच उलटे करा, पेला नको. आमच्यातल्या एकाचा सदरा अजून निळा आहे.)

शाई पाण्यात बुडते, तर स्फोटातला तापलेल्या वायूंचा गोळा भोवतालच्या हवेपेक्षा हलका असल्याने वर धावतो. त्याचा मधला भाग वेगाने चढतो. कडांना मात्र थंड हवा अडवते; त्या मागे पडतात, खाली वळतात आणि पुन्हा आत ओढल्या जातात. असे गरगरणारे कडे म्हणजे भूछत्राची टोपी. कड्याच्या मधोमध खालची हवा जोराने वर खेचली जाते. तिच्याबरोबर जमिनीवरची धूळ आणि धूर चढतो, तोच देठ. ढगाची घनता भोवतालच्या हवेइतकी झाली, की चढण थांबते आणि तो आडवा पसरतो. ज्वालामुखीच्या ढगातही हेच दिसते.

अणुस्फोटात खरा धोका या देठाशी जोडलेला आहे. स्फोट जमिनीलगत झाला, तर वर ओढल्या गेलेल्या मातीत किरणोत्सारी द्रव्ये मिसळतात आणि ती वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन पडते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. शंभराहून अधिक किलोमीटरवर, जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, एक जपानी मासेमारी बोट होती. तिच्यावर काही तास पांढरी राख पडत राहिली. ती राख म्हणजे बिकिनीच्याच प्रवाळाचा भुगा होता. बोटीवरचे २३ खलाशी आजारी पडले. त्यांपैकी एकाचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला.